थिजण्याचा आकडा

खिडकीतली बाटली पांढरी पडली होती. शालननं ती पाहिली आणि हातातला चहा संपवला. कप विसळला, पालथा घातला, मग पुन्हा पाहिलं. बाटली पांढरीच. कालपर्यंत तिच्यातलं तेल आरपार दिसायचं, पिवळं, उजेडाकडं धरलं तर पातळ काकवीसारखं. आज तळाला विरजणासारखा थर आणि वर नुसतं धुकं. खिडकीच्या दांडीला टांगलेला पारा तेरा अंशांवर होता. तिनं बाटली तिरकी केली. तेल हललं, पण अंथरुणाला खिळलेलं माणूस कुशीवर वळतं तसं. आता आपल्याला धक्का बसायला हवा, असं तिला वाटलं. तो बसायच्या ऐवजी एवढंच आठवलं, की काल मालकांचे पाहुणे येणार म्हणून झाडणाऱ्या बाईनं सगळ्या बाटल्या भिंतीवरच्या फळीवरून काढून खिडकीत मांडल्या होत्या. फळीच्या मागं बॉयलरची भिंत होती. ती फळी बारा महिने कोमट असायची. म्हणजे या तेलानं आजवर थंडी पाहिलीच नव्हती. आणि शालननं सांगून ठेवलं होतं, आठ अंशांपर्यंत थिजणार नाही म्हणून.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात करंजाच्या बिया गाळत. कडू, उग्र वासाचं तेल, ते साबणवाले नेत. मग डिझेलची टंचाई आली, पंपावर कॅन घेऊन माणसं रांगा लावायला लागली, आणि मालकांच्या, लालासाहेबांच्या, डोक्यात बसलं की हे तेल इंजिनात का घालू नये. घातलं. इंजिन गुदमरलं, कारण तेल फार दाट. मग कुठून तरी कळलं की त्यात स्पिरिट आणि कॉस्टिक घालून ऊन केलं की दाट भाग खाली बसतो आणि वर पातळ तेल येतं. आलं. पण ते किती पातळ, किती जड, किती थंडीत थिजेल, हे मोजायची साधनं प्रयोगशाळेत नव्हती. होती ती काचेची नळी दुरुस्तीला पुण्याला गेली आणि तिकडंच रमली, आधीच्या तीन केमिस्टांसारखी. केमिस्ट गेले, त्यांची पुस्तकं राहिली. मॅट्रिकपर्यंत शिकलेली शालन बाटल्या धुवायला लागली होती. डिक्शनरी मांडीवर घेऊन ती पुस्तकं वाचत गेली, तसं बाटल्या धुणं कमी होत गेलं आणि पगार तेवढाच राहिला. पुस्तकातून तिला कळलं ते असं, की तेल ही एक वस्ती आहे. त्यात आखूड माणसं असतात, लांब असतात, काही ताठ, काही कमरेत वाकलेली. ताठ असतात ती थंडीत एकमेकांना चिकटून गच्च उभी राहतात. वाकलेल्यांना तसं उभं राहता येत नाही, म्हणून तेल वाहतं राहतं. वस्तीत कोण किती आहे हे कळलं, तर वस्ती कशी वागेल याचा अंदाज बांधता येतो. आणि ते कळायला दोन आकडे पुरतात. तेल किती पोटॅश खातं त्यावरून साधारण लांबी, किती आयोडीन पितं त्यावरून साधारण वाक.

“म्हणजे शालनबाई, तुम्ही तेल न बघता सांगता?” लालासाहेबांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

“बघूनच सांगते साहेब. डोळ्यांनी बघत नाही एवढंच.”

“मग आमच्या सूनबाईचेही दोन आकडे काढा. घरात कधी पातळ होतील ते तरी कळेल.”

तिनं तेलाचं वजन सांगितलं, ते बरोबर आलं. दाटपणा सांगितला, पुण्याहून तपासून आला तो जवळपास तोच. त्या दिवशी ती घरी जाताना राजवाड्यापाशी थांबून उगाचच एक गजरा घेऊन गेली होती. तेव्हापासून तिला सवयच लागली. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीतली भाजी, पायातल्या वहाणा आणि बोलण्यातली पट्टी यांवरून ती बाई कुठं उतरणार हे ती मनात ठरवायची, आणि बाई बहुतेक तिथंच उतरायची. थिजण्याचा आकडाही तिनं तसाच काढला. बर्फ आणून तपासायचं ठरवलं होतं, तेवढ्यात आष्ट्याहून आई गेल्याचा निरोप आला, आणि ते राहिलं.

लालासाहेब आले तेव्हा तिनं बाटली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती वासरू बघावं तशी फिरवून बघितली.

“तेराला थिजलं. तुम्ही आठ म्हणाला होता. मग पाच अंशांचं एवढं काय हो? तेरा लिहा.”

“एक डबा माझ्या भावाकडं गेलाय साहेब. गिरणीच्या इंजिनासाठी.”

“मग त्याला कळवा, ऊन वर आल्यावर चालव म्हणावं.”

“उद्या ऊन वर आल्यावर चालत नाही,” शालन म्हणाली. “उद्या आईचा महिना आहे.”

लालासाहेबांना ते कळलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिच्या माहेरी रीत होती. घरचं माणूस गेलं की पिठाची गिरणी बंद ठेवायची, आणि महिन्याच्या दिवशी दिवस उगवायच्या आत नैवेद्याचं दळण दळून ती उघडायची. पहिलं दळण घरचं, मग आळीचं. वडील गेले तेव्हा आईनं तसंच केलं होतं. आता भाऊ, कृष्णात, करणार होता, आणि मागच्या आठवड्यात त्यानं मार्केट यार्डाच्या ट्रकवाल्याकडून निरोप धाडला होता, ‘आक्काला सांगा, पैलं दळान तुज्या तेलावर.’ डिसेंबरातली पहाट, आष्ट्याचं मोकळं रान, पारा दहाला तरी येणार. तेल नळीत थिजणार, पंप अडकणार, आळीच्या बायका डबे घेऊन उभ्या असणार. यात इंजिनाचं काही फार बिघडलं नसतं. नळ्या सोडून धुतल्या की झालं. पण कृष्णात, तिचा किस्ना, एवढ्यावर सोडणारा नव्हता. दारात आणलेली म्हैस उंबऱ्यापाशी बसली म्हणून त्यानं ठरलेला सौदा मोडून तिला परत धाडली होती. आईच्या महिन्याच्या दिवशी इंजिन अडलं, तर ते आईनं अडवलं, असंच तो धरणार. आणि मग तो त्या चाकाला पुन्हा हात लावणार नाही. विजेच्या मोटारीवाला गिरणी विकत मागायला आधीच चकरा मारत होता. किस्नाला त्या गिरणीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, हेही शालनला ठाऊक होतं. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं, काचेच्या पलीकडं दिसावं तसं.

गेटवर तिचे यजमान दादासो वॉचमन होते. फौजेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी खाकी स्वेटर उतरला नव्हता.

“तार ठोक,” ते म्हणाले.

“तार गेली तर भावजय उघडायच्या आधीच हंबरडा फोडंल.”

“व्हय. तार म्हंजे कॅज्युअल्टी.” मग तिच्या तोंडाकडं बघून जरा हळू म्हणाले, “जा तू. मी भाकरी करून खातो. आनि शाल घे, नावाला तरी.”

सांगलीची गाडी मिळाली. खिडकीपाशी बसून तिनं बाटली पदरात धरली. ऊन लागत होतं आणि तेल हळूहळू निवळत होतं. उंब्रजपर्यंत ते पुन्हा आरपार झालं, जणू काही झालंच नव्हतं. असंच झालं होतं ना, तिला वाटलं, मागच्या महिन्यात, आई गेली तेव्हा. ती आष्ट्याला गाडीतून उतरली, तर आळीच्या वळणाशी बायका थांबल्या होत्या. सासरहून आलेल्या लेकीनं त्या वळणापाशी पहिला हेल काढायचा, ‘आई गंऽ’ म्हणून, मग बाकीच्यांनी तो उचलायचा, गळ्यात पडायचं आणि तसंच दारापर्यंत जायचं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. कुणाची लेक किती रडली यावर आळीत महिना महिना चर्चा चाले. शालन वळणावर आली, तोंड उघडलं आणि म्हणाली, “किती वाजता गेली?” बायकांना काय करावं कळेना. शेवटी शेजारच्या धोंडुबाईंनीच तिच्या वाटचा हेल काढला. दहा दिवस ती काम करत राहिली. पातेली घासली, पाव्हण्यांना पाणी दिलं. साताऱ्याला परत आल्यावर एका दुपारी, आयोडीनचे थेंब मोजता मोजता, तिनं आईचा हिशेबही मांडून पाहिला होता. आई म्हणजे काय काय? धाक पुष्कळ. मारही. वडील गेल्यावर पदर खोचून इंजिनाचं चाक फिरवणारे दंड, ते पाहून गावातल्या पुरुषांनी माना फिरवलेल्या. इंजिन गार करायच्या टाकीतलं ऊन पाणी बादलीनं काढून दोघा भावंडांना गिरणीच्या मागं उघड्यावर घातलेल्या आंघोळी, पाण्याला डिझेलचा वास. शाळेतून काढून लग्न करून दिलेलं, ते एका ओळीत सांगितलेलं, ‘सोमवारी बगाय येत्यात.’ जवळ घेतलेलं आठवत नाही. कधी तरी घेतलं असेलच. हे एवढं सगळं मांडून त्यातून जे यायला हवं, थोडं रडू, थोडा राग, निदान रात्री झोप न येणं, त्यातलं काहीच येत नव्हतं. ती जेवत होती. झोपत होती. पडद्याला नवं कापडही तिनं घेतलं. अंदाज चुकलाय की माणूसच तसं आहे, हे तपासायला तिसरं काही हाताशी नव्हतं.

कराडला गाडी थांबली आणि चढणारी माणसं दारातच अडकली. कुठल्या तरी जत्रेच्या कुस्त्यांना निघालेले दोन पैलवान एकाच वेळी दारात शिरले होते आणि ना आत येत होते ना बाहेर जात होते. मागं म्हाताऱ्या, पोरं, कोंबड्यांची डालगी.

“एकेक या की रं गड्यांनो,” कंडक्टर ओरडला. “गाडी एष्टीची हाय, तालमीची न्हाई!”

“ह्यो आदी दम काढंल तर!”

“मी का म्हनून? तू आदी बादाम खायचं बंद कर!”

सगळी गाडी हसली. शालनही हसली असावी, कारण शेजारची बाई तिच्याकडं बघून हसली. आणि हसता हसता तिला तिची चूक दिसली. फार साधी होती. गाडीत चढणाऱ्या माणसांच्या वजनाची सरासरी काढली असती तर ती अगदी बेताची आली असती. दारातून आरामात जातील अशीच. सरासरीत पैलवान दिसत नाहीत. करंजाच्या तेलातही शंभरातली पाचसात अशी असतात, फार लांब आणि ताठ. तिचे दोन आकडे त्यांना बाकीच्या गर्दीत मिसळून टाकत होते. वजनाला त्यानं फरक पडत नाही, दाटपणाला पडत नाही, म्हणून तिथं ती बरोबर आली होती. पण थंडी पडली की सगळ्यांत आधी तीच उभी राहतात, एकमेकांना धरतात, आणि त्यांच्या जाळीत बाकीचं चांगलं वाहतं तेल अडकून बसतं. तेल थिजतं ते त्या थोड्यांसाठी. तिनं पदरातल्या बाटलीकडं पाहिलं. आता काही दिसत नव्हतं. पेठ नाका गेला, इस्लामपूर गेलं. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती. चूक सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता; तोही तिनं नोंदला, यायचा राहिला म्हणून.

आष्ट्याला उतरली तेव्हा दुपार कलली होती. आळीच्या वळणावर धोंडुबाई शेण्या उचलत होत्या. शालनला बघितलं आणि हातातल्या शेण्या टाकून त्यांनी तिथंच तिच्या गळ्याला मिठी मारली.

“आता कुनाकडं आलीस गं माज्या शालेऽ, कोन म्हनंल गं तुला जेवलीस का म्हनूनऽ”

“काकू, किस्ना कुठं हाय?” शालननं त्यांच्या खांद्यावरून विचारलं.

“गिरनीतच हाय गं, टाकी भराय लागलाय— कुनाच्या पदराला त्वांड पुसू गं बाईऽ”

“टाकी भरतोय? आत्ता?”

“व्हय की, तुजंच त्याल वततोय— माजी अंबूबाई गेली गंऽ, सोन्यासारकी मैतरीनऽ”

धोंडुबाई खऱ्या रडत होत्या. त्यांच्या अंगाला शेणाचा आणि तपकिरीचा वास होता आणि त्यांची छाती हलत होती, आणि शालन त्या हलणाऱ्या अंगाला टेकून उभी होती, पाण्याच्या लाटेला भिंत टेकावी तशी. तिनं त्यांच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. मग सोडवून घेऊन ती धावत सुटली, चाळिशी उलटलेली बाई, पदरात बाटली धरून.

कृष्णात स्टुलावर उभा राहून डबा टाकीवर वाकवत होता, धार अजून पडली नव्हती. पुढच्या अंगणात सडा घातलेला, चाकाला नवा हार.

“किस्ना, थांब!”

“आक्का? तू उद्या येनार हुतीस न्हवं?”

“ओतू नको ते. पहाटे थिजणार.”

त्यानं डबा सरळ केला. तिच्या हातातल्या बाटलीकडं बघितलं, मग तिच्याकडं. “हे बग, पान्यागत तर दिसतंय.”

“आत्ता दिसतंय. सकाळी पांढरं झालं होतं. तेराला. मी आठ सांगितलं ते चुकलं.”

“तुजा आकडा?” तो हसला. “तुजा आकडा कवा चुकलाय? साऱ्या आळीला सांगितलंय मी, आठापत्तुर भ्यायचं न्हाई. आता तू म्हनतीस चुकलं. तुजं ऐकू का तुज्या आकड्याचं?”

“माझं ऐक.”

“तुला परवासाची दगदग झाली आसंल. च्या पी.”

“किस्ना, यात थोडी लांब ताठ आम्लं असतात, ती माझ्या हिशेबात आलीच नाहीत. बाकी सगळं बरोबर आहे, पण...”

“बाकी सगळं बराबर हाय न्हवं? मग झालं तर.” त्यानं डबा खाली ठेवला, पण झाकण लावलं नाही. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. “आक्का, मला डिजेल न्हाई घालायचं. आई सांगून गेलीया.”

“काय सांगून गेली?”

“शालीनं त्याल केलंय त्ये घाल, म्हनली. पंपावाल्याच्या पाया पडू नगंस, म्हनली. त्येच शेवटलं. मग पानी मागितलं, आनि पानी आनंस्तवर...” तो हार नीट करायला लागला. “तुला म्हायती न्हाई व्हय? मला वाटलं, सांगितलं आसंल कुनीतरी.”

कुणी सांगितलं नव्हतं. शालन उभी राहिली. शालीनं तेल केलंय. आईला तिच्या कामाचं काही कळायचं नाही, बाटल्या धुती म्हणायची लोकांना, एवढंच तिला ठाऊक होतं. ते वाक्य तिच्यापर्यंत आलं आणि बाहेरच थांबलं, दार लावलेलं असल्यासारखं. तिनं एवढंच पाहिलं की किस्नाच्या हातांना तेल लागलंय आणि तो ते हाराला लागू नये म्हणून मनगटानं फुलं सारखी करतोय.

“बाटली पायरीवर ठेवू,” ती शेवटी म्हणाली. “उघड्यावर. पहाटं पांढरी झाली तर डिझेल घालायचं. न्हाई झाली तर तुझ्या मनासारखं.” बोलताना आपली भाषा आष्ट्याची झालीय हे तिच्या लक्षात आलं. “बाटली तर माझ्यासारखी खोटं न्हाई बोलणार.”

“आनि डिजेल कुटलं? तळाला हाय थोडं कॅनमदी, दळनापुरतं.”

“तेवढं पुरंल.”

त्यानं डब्याला झाकण लावलं. “पांढरी झाली तर आईनं न्हाई म्हनलं, आसं झालं.”

“न्हाई. पांढरी झाली तर मी चुकले, आसं झालं. एवढंच.”

पहाटे दोघं पायरीवर बसली, मध्ये घरातून नुकतीच आणून ठेवलेली बाटली. भावजय आत नैवेद्याचे गहू निवडून ठेवत होती. हवा अशी होती की श्वास दिसत होता. शाल तिनं आणली होती खरी, पण ती आतच राहिली. कृष्णातनं कंदील बाटलीमागं ठेवला. तेल पिवळं, स्वच्छ. उसाच्या रानाकडून वारा आला तरी स्वच्छ. एकेक करत आळीतल्या बायका आल्या, डोक्यावर डबे, पिशव्या. रांगेत बसल्या आणि कुजबुजायला लागल्या. पूर्वेला फटफटत होतं. बाटली अजून आरपार.

“बग,” कृष्णात हळूच म्हणाला. “तुजा आकडाच खरा.”

आणि त्या वेळी शालनला काही तरी हवंसं वाटलं. कितीतरी दिवसांनी. न थिजावं, असं वाटलं. किस्नानं आईचं ऐकावं, इंजिन आपल्या तेलावर धडधडावं, धूर निघावा त्या चिमणीतून, करंजाच्या वासाचा. लगेच दुसरं वाटलं, की थिजू दे बाई, लवकर थिजू दे, अर्ध्या दळणात थिजलं तर सगळंच गेलं. दोन्ही इतक्या जोरानं वाटलं की तिनं पायरीची कड धरली.

तळाशी एक धागा दिसला. मग तिथंच दुसरा. मग दुधात लिंबाचा थेंब पडावा तसं काही तरी खालून वर यायला लागलं.

“आलं,” कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता.

त्यानं बाटली उचलली, दोन्ही तळव्यांत धरली, तोंडाजवळ नेऊन तिच्यावर वाफ सोडली. थोड्या वेळानं हात उघडले. निवळली होती. पायरीवर ठेवली. पुन्हा धागा. पुन्हा त्यानं उचलली. बायकांची रांग बघत होती, भावजय दारात येऊन उभी राहिली. तो पुन्हा पुन्हा तेच करत होता आणि प्रत्येक वेळी हात उघडून बघत होता. शालननं त्याच्या हातांवर हात ठेवला. हात गार पडले होते.

“आईनं न्हाई अडवलं, किस्ना. मी चुकले. सांग समद्यांस्नी.”

तो उठला, कॅन घेतला आणि आत गेला. मग तिनंच रांगेकडं तोंड केलं.

“माझा आकडा चुकला,” ती म्हणाली. “गिरणी डिझेलवर चालू होईल. तेल थिजलं.”

रांगेत पुढं धोंडुबाई होत्या. शाळूचा डबा मांडीवर. “लय चुकला व्हय गं?”

“न्हाई काकू. सगळं बरोबर हुतं. थोडंसं मोजायचं राहिलं.”

“थोडं म्हंजे किती?”

किती ते तिला ठाऊक होतं. ती सांगायला लागली. तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. पुन्हा तोंड उघडलं; ओठांवर आकडा नव्हता, त्या दिवशी वळणावर राहिलेला हेल होता. बायका आकड्याची वाट बघत होत्या. धोंडुबाईंनी मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. आत कृष्णातनं चाकाला हात घातला होता. एक फेरा, दुसरा, आणि इंजिनानं ठोका धरला.